चौथी ताटली

ताटल्या पाहिजेत ना? घ्या. त्या कोपऱ्यातल्या थप्पीतून काढा, चारच काढा. पातेलं मी हलकं देतो, जर्मनचं. परत आणाल तेव्हा घासून आणा. काजळी तशीच ठेवलीत तर पुढच्या लग्नात तुम्हा चौघांना भांड्यांवर बसवीन, मग म्हणाल सुदाममामा वाईट.

शितल, आईला सांगितलंयस ना कुठे चाललीस ते? हां, ट्रेकिंगला, ते कळलं गं. किती दिवस? पाच. बर्फ आहे? आहे म्हणते. आणि याआधी कुठला डोंगर चढलात? महालक्ष्मीचा. वा. म्हणजे पायऱ्या मोजून आलात.

मग बसा जरा. आत्ता कुठे साडेनऊ झालेत, तुमची गाडी वापीहून पहाटेची. झोपून काय करणार? त्या सतरंज्यांच्या गुंडाळीवर बसा. ताटल्या मांडीवर राहू देत.

हसू नका. माझी कीर्ती तालुक्याला ठाऊक आहे. चारोटीच्या पुलाखालची भुताची बाई मीच उभी केली होती, कबूल. पोरं रात्री बाइक उडवत यायची, ती जरा हळू यावीत म्हणून. बिबट्याने मला माचीस दिली, तेही थोडं वाढवून सांगितलं होतं. माचीस माझीच होती. पण आज सांगतो ते काळ्याचं आहे. माझा मावसभाऊ काळ्या, वेवजीचा, ताडावर चढून ताडी काढायचा तो. खोटं बोलायला जेवढे शब्द लागतात तेवढे त्या माणसाकडे नाहीतच. त्याने मला हे एकदाच सांगितलं, इथेच, या दारात उभं राहून. आत आला नाही. का, ते शेवटी सांगतो.

गेल्या वर्षीचं. दोन हजार अठरा, मे महिना. लग्नसराई, त्यात पोटनिवडणूक. ज्याला त्याला मांडव पाहिजे, ज्याला त्याला दोनशे ताटल्या. त्या गडबडीत वेवजीचा सुनिल आला. आश्रमशाळेत खेळाचा मास्तर. हातात यादी. जॅकेट, टॉर्च, मोजे सगळं वापीच्या बाजारातून झालेलं, शेवटी राहिलं होतं 'स्वतःचे ताट'. म्हणाला, "मामा, चार ताटल्या द्या, हिमाचलात चाललोय."

चौघं होते. सुनिल. त्याची धाकटी बहीण वर्षा, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. चारोटीला मोबाइलचं दुकान आहे तो विनोद. आणि आपला काळ्या. काळ्याला नेलं ओझं उचलायला, असं विनोद चारचौघांत म्हणायचा. काळ्या म्हणायचा, "चालेल. तुला पण उचलीन."

तुमच्यासारखीच पहिली खेप. बर्फ कुणी पाहिला होता तो फ्रिजमधला. वाटाड्या घेतला नाही. विनोदने मोबाइलवर नकाशा उतरवून घेतला होता. "नेटवर्क नसलं तरी चालतो," म्हणाला. निघताना सुनिलची आई, जानीबाई, तिने नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. सुनिलला एवढंच म्हणाली, "पोरीला नेतोस तशी आण." बस. दुसरं काही नाही.

तीन दिवस मजेत गेले. फोटो काढले, बर्फाचे गोळे मारले, विनोद दोनदा पडला. खिंडीचं नाव मी घेणार नाही. उगाच तुम्ही शोधत जाल. खिंड ओलांडली आणि पलीकडे उतरताना धुकं आलं. सोमवार, चौदा मे. दुपारचे तीन वाजले असतील. नकाशाचा मोबाइल थंडीने आपोआप बंद पडला. दुसरा काढला, तोही पडला. विनोदने दोन्ही काखेत धरून ऊब दिली, काही उपयोग नाही. तेवढ्यात भुरभुर बर्फ सुरू झाला.

दगडावर दगड रचून वाटेच्या खुणा केलेल्या होत्या. एका खुणेवरून दुसरी शोधत ते उतरले आणि संध्याकाळी एक खोपी लागली. मेंढपाळांची असावी. दगडाच्या भिंती, वर सपाट दगड, दाराच्या जागी नुसतं भोक. आत कोरडं होतं. सुनिल म्हणाला, "देव पावला."

स्टोव्हवर खिचडी टाकली. वरून सुकट. वर्षाचं डोकं दुखत होतं, थोडा खोकला होता. चार ताटल्या मांडल्या, वाढलं. विनोद घास उचलणार, तर काळ्या म्हणाला, "थांब. रानाचा वाटा."

तुम्हाला ठाऊक आहे की नाही कुणास ठाऊक. तुम्ही पार्सल मागवणारी माणसं. आपल्याकडे शिकारीला, मासे मारायला, लाकडाला चार माणसं रानात गेली आणि तिथंच जेवायला बसली, की एक वाटा रानाचा काढतात. पळसाचं पान घ्यायचं, सागाचं घ्यायचं. त्याच्यावर वाटा ठेवायचा. बसलोत तिथून दूर, पाठीमागे. आणि वळून बघायचं नाही. पानावरच का? तर पान वाऱ्याने उडतं, कुजतं, विषय संपतो. ज्याला खायचं त्याने खाल्लं, तो त्याच्या वाटेने, आपण आपल्या. पण ताटलीत वाढलं की तो पाहुणा झाला. आणि छपराखाली, आपल्या पंगतीत ताटली वाढली, तर...

तर तो आपल्यातला झाला.

आता काळ्या पान आणणार कुठून? त्या उंचीवर झाड नाही, झुडूप नाही. बाहेर ठेवायला गेला तर वारा हात धरून आत ढकलत होता. मग स्वतःची ताटली उचलली आणि खोपीच्या आतल्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. वाफा येत होत्या. स्वतः पातेल्याच्या झाकणात जेवला.

विनोद म्हणाला, "काळूशेठ, इथला उंदीर पण स्वेटर घालून येईल रे."

काळ्या म्हणाला, "येऊ दे."

त्याने चुकून म्हटलं. आपण म्हणतो तसं. पण म्हटलं.

सकाळी ताटली रिकामी होती. चाटलेली नाही, पुसलेली. कोरडी. लखलखीत. विनोद ओरडला, "दोन वेळा जेवलास आणि नाव रानाचं!" सगळे हसले. काळ्या पण हसला. ताटली पिशवीत गेली आणि निघाले.

मंगळवार. अमावस्या होती. हे सांगायला मला लाज वाटते, कारण माझ्या सगळ्या गोष्टी अमावस्येच्या असतात, पण कॅलेंडर काढून बघा.

धुकं तसंच. खुणा दिसत होत्या, एक संपली की पुढची. आणि उतारच उतार. काळ्या शपथेवर सांगतो, दिवसभरात वर चढलोय असं एक पाऊल आठवत नाही. गुडघे दुखले इतका उतार. वर्षा मागे पडायला लागली. चार पावलं चालायची, थांबायची. ओठ निळे दिसायला लागले. दुपारी तिने स्वतःच सुनिलला सांगितलं, "दादा, हे साधं नाही. मला लवकर खाली न्या."

संध्याकाळी धुक्यात एक खोपी दिसली. विनोद म्हणाला, "बघा, म्हटलं नव्हतं? पुढे खोपी असणारच." आत शिरला.

आणि कोपऱ्याकडे बघतच राहिला.

सुनिल मागून गेला. कोपऱ्यात एका दगडाखाली बिस्किटाचा पुडा होता. रिकामा. काल विनोदनेच दाबून ठेवला होता, कचरा करायचा नाही म्हणून.

सुनिलने टॉर्च काढली. "चला. अजून उजेड आहे. मी पुढे राहतो." वर्षाला चालवेना, म्हणून काळ्याने तिला पाठीवर घेतलं. पिशव्या विनोदने घेतल्या. परत उतार. पाऊण तास, तास. खुणा सोडून सुनिल सरळ पाण्याच्या आवाजाच्या दिशेने चालला. पाणी खालीच जातं, हा त्याचा हिशोब. बरोबर आहे की नाही?

वर्षा काळ्याच्या पाठीवर. डोकं त्याच्या खांद्यावर, तोंड मागे. मध्येच ती बोलली. अगदी साधं, आपण बोलतो तसं.

"काळूदादा, जरा हळू चाला ना."

"का गं? दुखतंय?"

"मला नाही. तो मागे राहतोय."

काळ्याला वाटलं, विनोद. पण विनोद पुढे होता. सुनिलच्या पाठीला लागून.

"कोण मागे राहतोय?"

"तो. त्याच्या पायात काही नाही. म्हणून हळू चालतो."

काळ्याने वळून बघितलं नाही. आपला माणूस. त्याला माहीत होतं. पण ऐकू आलं. बर्फावर बुटाचा आवाज कर्र कर्र येतो. हा तसा नव्हता. चप्... चप्... थांबायचा. परत... चप्.

पाण्याचा आवाज गेला. समोर खोपी.

तीच.

अरे, विनोद रडायला बसला तिथेच. दारात. मोठा माणूस, दुकानात तीन पोरं कामाला, तो गुडघ्यात डोकं घालून रडला. सुनिलने त्याला आत ओढलं.

रात्री साडेआठच्या सुमारास वर्षा शुद्धीवर होती. तिने तळहात छातीवर ठेवला, श्वास घेतला, कान दिल्यासारखं केलं. मग म्हणाली, "दादा, आत बुडबुड वाजतंय. उद्या दुपारपर्यंत खाली नाही नेलंस तर..."

"तर काय?"

"मी शिकलेय ते. विचारू नको."

सुनिल तिचे पाय चोळत होता. काळ्या विनोदचे चोळत होता. असे ओळीने झोपलेले, उबेसाठी, एकमेकांना लागून. टॉर्च विझवलेली, सेल वाचवायला. बऱ्याच वेळाने विनोद म्हणाला, "काळ्या, पुरे. आता बरं वाटतंय. हात दुखतील तुझे."

काळ्याने हात कधीच काढून घेतले होते. स्वतःच्या काखेत घातले होते.



...

मग अंधारात तो उठून बसला आणि सुनिलला म्हणाला, "मास्तर, चूक माझी आहे. मी त्याला ताटलीत वाढलं. आत वाढलं. तो आपल्यातला झालाय. आणि टोळी कुणाला मागे टाकून जात नाही. तो या डोंगराचा, त्याला खाली येता येत नाही, म्हणून आपल्याला जाता येत नाही."

सुनिल शिकलेला माणूस. म्हणाला, "काळ्या, गप्प बस. चकवा लागतो धुक्यात. सायन्स आहे."

"मग सकाळपर्यंत थांबू सायन्ससाठी?"

सुनिल परत वर्षाचे पाय चोळायला लागला.

"पाहुण्याला हाकलत नाहीत," काळ्या म्हणाला. "शिदोरी देतात. शिवेपर्यंत पोचवायला जातात. मी जातो. भाकर दे."

भाकर एकच उरली होती. जानीबाईच्या हातची. गोठून दगड झालेली. सुनिलने ती वर्षासाठी ठेवली होती, पहाटे पाण्यात भिजवून द्यायला. तो एकदम भडकला. "माझी बहीण मरतेय आणि तू दगडांना भाकर घालतोस? काय तोंड दाखवू मी आईला?" आणि भाकर छातीशी धरून बसला. दोघं एकमेकांच्या अंगावर जायचे बाकी होते.

वर्षानेच सोडवलं. "दे दादा. मला गिळवत नाही."

मग दिली.

काळ्याने आपली ताटली घेतली, तीच. त्यात भाकर ठेवली. कोपऱ्याकडे तोंड करून म्हणाला, "चल भाऊ. पोचवतो तुला." आणि बाहेर पडला.

टॉर्च नेली नाही. पाहुण्याच्या तोंडावर उजेड मारत नाहीत.

वारा पडला होता. बर्फ थांबला होता. तो वरच्या अंगाला चालू लागला, ताटली दोन्ही हातांत. दहा पावलं. वीस. मागून आलं. चप्... चप्... जवळ आलं. बाजूला आलं. आता बरोबरीने.

काळ्या बघत नाही. समोर बघतो. चालतो.

आता तुम्हाला एक सांगायला हवं. आपल्याकडे पाहुण्याला पोचवायला गेलं, की यजमान आपण होऊन फिरत नाही. पाहुणाच म्हणतो, बस, आता फिर मागे. तो म्हणेल तिथे शीव. तो म्हणेपर्यंत चालायचं.

आणि तो म्हणत नव्हता.

काळ्याने विचारलं, "बस का, भाऊ?"

...

परत चालला. पायाची बोटं गेली. म्हणजे होती, पण कळत नव्हती. खोपी मागे किती राहिली, ठाऊक नाही. कुठल्या दिशेला राहिली, तेही नाही.

"बस का?"

...

त्याला वाटलं, हा सांगणारच नाही. असंच चालवणार. सकाळ नाहीच.

मग बाजूचं पाऊल थांबलं.

काळ्या थांबला. वाकला. ताटली बर्फावर ठेवली. उभा राहिला. शब्दाची वाट बघत. शब्द नाही. न सांगता फिरावं, तर तो परत मागे येणार. न फिरावं, तर...

उभा.

कट्.

भाकर मोडल्याचा आवाज.

...

आणि त्याच्या उजव्या हातात काहीतरी आलं. ठेवलं कुणीतरी. हात नाही लागला. नुसतं आलं. अर्धी भाकर.

गरम.

तव्यावरून काढल्यासारखी. बोटांना चटका बसला, म्हणतो.

शब्द नव्हता, पण काळ्याला कळलं. दुसऱ्याच्या हातात त्याचा वाटा दिला, म्हणजे वाटणी झाली. आता तो वेगळा, आपण वेगळे. तो फिरला. पळाला नाही. चालत आला. दिशा ठाऊक नव्हती तरी पावणेदोनला खोपीत होता. सुनिलने घड्याळ बघितलं होतं. ती भाकर वर्षाने खाल्ली. सुनिल मला स्वतः म्हणाला, सायन्सवाला सुनिल, "मामा, वाफ येत होती."

बुधवारी सकाळी लख्ख ऊन. खोपीच्या दारातून खालची दरी दिसत होती. वाट दिसत होती. सरळ. अडीच तासांत मेंढपाळ भेटले, त्यांनी वर्षाला खेचरावर घातलं, दुपारी गावात आणि संध्याकाळी दवाखान्यात. आज ठणठणीत आहे, नोकरीला लागली. सुनिलने आईला तोंड दाखवलं. काळ्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. आता ताडावर चढत नाही. वाडीवर चिकू मोजतो.

त्या मेंढपाळांतल्या एका म्हातारीला काळ्याने खुणांनी, मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ती दचकली वगैरे नाही. चहा देता देता म्हणाली, "रखते तो हम भी हैं, बेटा. बाहर रखते हैं."

झालं. संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं.

काळ्याने मला फोन केला होता, "सुदाम, एक ताटली कमी येईल. तिथेच राहिली." मी म्हटलं, जाऊ दे, माणसं आली ना. सव्वीस तारखेला, शनिवारी, सुनिल गाठोडं टाकून गेला. रात्री मी सोडलं.

चार होत्या.

त्या वर्षी मी सगळ्या ताटल्यांवर मशीनने नाव कोरून घेतलं होतं. सुदाम मंडप, तलासरी. निवडणुकीच्या पंगतीत ताटल्या फार पळतात. तिन्हींवर नाव करकरीत. नखाला लागतं. चौथीवर पण तेच नाव, त्याच जागी. पण झिजलेलं. तिरकी धरली तर दिसतं, बोटाला लागत नाही. कड कागदासारखी पातळ. शंभर वर्षं कुणीतरी रोज तिच्यात जेवलंय, आणि रोज बोटांनी पुसून घेतलंय, अशी.

काळ्याला बोलावलं. तो त्या दारात उभा राहिला. लांबूनच बघितलं. तेव्हा त्याने हे सगळं सांगितलं. आत ये म्हटलं, तर म्हणाला, "नको. कोण परत करून गेला, की कोण घेऊन आला, ते आधी कळू दे." आणि जाताना म्हणाला, "हिच्यात कुणाला वाढू नकोस."

म्हणून ती मी त्या थप्पीत ठेवत नाही. तो वर माळ्यावर मोठा टोप दिसतोय ना, पन्नास किलो भाताचा? त्याच्याखाली पालथी घातली आहे. वर्ष होत आलं. कुणी हात लावलेला नाही. टोप एकट्याला हलत पण नाही.

चला, उठा आता. गाडी चुकेल. पाणी, औषधं, वाटाड्या. वाटाड्या घ्याच. आणि वाटा काढायचा तर...

काय गं शितल?

काय लागत नाही हाताला?

... नाव असेल की. नीट बघ. उजेडात धर.

तिरकी धर.

...

नाही, मी नाही ठेवली. आईशप्पथ. हसू नका रे, या खेपेला खरंच नाही. तुम्ही दोघं, शिडी लावा. तो टोप उचला. दोघं मिळून, जड आहे.

...

खाली काय आहे?

... काहीच नाही? नीट बघा. हात फिरवा.

...

शितल, ती ताटली खाली ठेव. जमिनीवर नको. थांब. बाहेर ने. दाराबाहेर. का उभी राहिलीस?

"मामा..."

काय?

"मामा, ही गरम आहे."